रेणुकाच्या हाताची भज्जी

प्रिय रेणुका,

पाकिटावरचं वाकडंतिकडं अक्षर बघून तू आधी मागं नाव शोधलं असशील. मी सरु, राजेश्वर गावातली तुझी थोरली जाऊ. तू या घरातून गेलीस त्याला पंचवीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. सातवी सुटल्यापासून सलग एवढं कधी लिहिलंच नव्हतं म्हण. परवा पप्पूकडं कागद मागितले तर तो म्हणाला, "आई, कागद कामून? फोन लावून देतो की, दोन मिनिटांचं काम." मी नको म्हटलं. फोनवर तू गप्प राहिलीस तर माझा पुढचा शब्द निघणार नाही. आणि तू आपली नेहमीसारखं "अक्का, कशी हाईस?" विचारलंस तर जे सांगायचंय ते मी गिळून टाकीन. मी मला ओळखते. म्हणून दुपारी पूर्णिमा आडवी झाली की मी माजघरात बसते आणि चार-चार ओळी लिहिते. पूर्णिमा म्हणजे पप्पूची बायको. लग्नाला तीन वर्षं झाली. आठवा महिना लागलाय तिला.

तुझा पत्ता बसवंतप्पानं दिला. आपल्या खालच्या गल्लीतला, आता कलबुर्गी गाडीवर कंडक्टर आहे. तो काय सांगत होता ते पुढं लिहीन. आधी शेताचं ऐक. यंदा पाऊस लांबला खरा, पण परतीच्या पावसानं भुई चांगली भिजली. ज्वारी माणसाच्या डोक्याबरोबर आहे, हरभरा घाटे धरून बसलाय. चिंचेखालचा तुकडा तुला आठवत असेल, तिथं पप्पूनं करडई पेरलीय. वाऱ्यानं सगळं शेत हलतं तेव्हा मला तुझी पहिली येळवस आठवते. लग्नाला महिनाच झाला होता तुझ्या. मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, सगळं गाव शेतात पूजेला आणि जेवायला, थंडी अशी की विहिरीवर तोंड धुताना दात वाजत होते. तू तिकडची, भीमेकाठची, अफजलपूरची. तुमच्याकडं ऊस, पाणी, सोलापूरला जायला हव्या तेवढ्या गाड्या. मला वाटलं, या पोरीला काय येणार बाजरीच्या पिठाचे उंडे वळायला. आणि तू पदर खोचून बसलीस ती आमच्या सगळ्यांच्या आधी परात रिकामी करून उठलीस.

भज्जीवरून तर आपलं पहिलं भांडण झालं. मी सगळे दाणे एकदम पातेल्यात घालायची, आत्याबाईंनी तसंच शिकवलेलं. तुरीचे, वाटाण्याचे, पावट्याचे, ओला हरभरा, ओल्या शेंगा, वर मेथी, पालक, कांद्याची पात, दोन गाजरं, मूठभर बोरं, आणि मग ताकात कालवलेलं बेसन. तू माझा हात धरलास. "अक्का, थांब की. निम्मे दाणे मागं ठिव." मी म्हटलं, "कामून? उद्यासाठी?" तू हसलीस. निम्मे दाणे आधी शिजून गळले की भज्जीला अंग येतं, आणि निम्मे शेवटी टाकले की दाताखाली येतात, असं तू मला समजावून सांगितलंस. बेसनही तू कोरडंच तव्यावर वास सुटेपर्यंत भाजलंस आणि ताकाऐवजी आंबिलीत कालवलंस. मला राग आला होता, खरं सांगते. चार वर्षं त्या चुलीवर मी राबलेली, आणि कालची आलेली पोर मला शिकवते. पण त्या दिवशी शेतात पहिला घास खाऊन सिद्धेश्वर भाऊजी उठून उभे राहिले आणि आत्याबाईंना म्हणाले, "आई, तू खा आणि खरं बोल." आत्याबाईंनी खाल्लं. मग आपलं पान पुढं केलं, "वाढ गं अजून." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे तुला ठाऊकच आहे. तू लाजून माझ्या मागं लपलीस, आणि माझा राग तिथंच निम्मा उतरला.

त्या तीन वर्षांतल्या येळवशी मला एकेक करून आठवतात. आदल्या दिवशी सकाळपासून आपण दोघी शेंगा सोलायला बसायचो, नखं हिरवी व्हायची. आत्याबाई ओसरीवर गहू सडायच्या खिरीसाठी. आंबील आदल्या दिवशीच शिजवून मातीच्या बिंदग्यात भरून ठेवायची, म्हणजे सकाळपर्यंत बेताची आंबते. तिला लसणाची फोडणी तूच द्यायचीस. तिळाच्या पोळ्या मी लाटायची, कारण तुझ्या पोळीतून तीळ बाहेर यायचे आणि तू दर वेळी पोळपाटाला दोष द्यायचीस. अमावस्येला उजाडायच्या आत दोन्ही चुली पेटायच्या. उंडे उकडून झाले, भाकरी कडक झाल्या, वांगी भाजून झाली, की सगळं टोपल्यांत भरून गाडी जुंपायची. गावात मागं कुणी उरत नसे. कुत्रीसुद्धा गाड्यांच्या मागं शेतावर जात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, नैवेद्य दाखवायचा, आणि पुरुषांनी ओरडत ओरडत पिकावर आंबील शिंपडत शेताला फेरा घालायचा. भाऊजींचा आवाज तीन शेतं पलीकडं जायचा. तू कोपीच्या तोंडाशी उभी राहून कान त्याच्याकडं लावायचीस आणि मला म्हणायचीस, "मी कुठं ऐकायले?"

मग तो आषाढ आला. भाऊजींना कावीळ झाली, नुसती कावीळ. झाडपाल्यात चार दिवस गेले, दवाखान्यात चार. आठव्या दिवशी घरी आणलं ते तसंच. तू बावीस वर्षांची होतीस. मला आजही कळत नाही, तू त्यानंतर सकाळी उठून सडा कसा घालायचीस. तुला रडताना मी एकदाच पाहिलं, म्हशीच्या गोठ्यात, तोंड तिच्या मानेला लावून. मी दारातूनच परत फिरले. तेव्हा तुझ्याजवळ यायला हवं होतं. त्या वर्षी येळवस झाली नाही. शेजारच्या शेतकऱ्यानं आपल्या शेतात नैवेद्य ठेवला. तू दिवसभर जात्यावर बसून होतीस, दळायला काही नसताना.

त्याच्या पुढच्या वर्षीची येळवस. ती तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असणार, म्हणून भीत भीतच लिहिते. आत्याबाई म्हणाल्या होत्या, एक वर्ष शेत उपाशी राहिलं, यंदा नीट करू. तुला कुणी काही सांगायच्या आधी तू शेंगांची पाटी पुढं ओढलीस. दोन वर्षांनी तुझ्या नखांना पुन्हा हिरवा रंग आला. पहाटे तूच भज्जी केलीस. मला पाचवा महिना होता, धुरानं मळमळायचं, म्हणून तू मला चुलीपाशी येऊच दिलं नाहीस. सगळं भरून झालं. तू हातपाय धुऊन धुवट लुगडं नेसून आलीस आणि आंबिलीचं बिंदगं उचलायला वाकलीस. आमच्या घरात ते सुनेच्याच डोक्यावरून जायचं. मी तुझ्या हातातून ते घेतलं आणि तुला म्हटलं, "रेणुका, आत्याबाई म्हणायल्यात, म्हशीजवळ कुणीतरी पाहिजे. तू घरी राह्य." म्हैस गाभण होती हे खरं. पण ती विणार होती माघात. तू माझ्याकडं बघितलंस, मग अंगणात गाडीजवळ उभ्या असलेल्या आत्याबाईंच्या पाठीकडं बघितलंस. म्हणालीस, "व्हय अक्का, जावा तुमी." एवढंच. गाडी वळेपर्यंत तू दारात उभी होतीस.

आम्ही अंधार पडायच्या सुमाराला परत आलो तेव्हा सगळी भांडी घासून पालथी घातलेली, अंगण झाडलेलं, दिवा लावलेला. दिवसभर त्या ओस गावात तू एकटी. एकही आवाज नसेल गं. तू मला पाणी दिलंस आणि विचारलंस, "आंबील पुरली का?" मी पुरली म्हटलं. तू जेवलीस का, हे मी विचारलं नाही. तुझ्यासाठी घरात काढून ठेवलेलं काहीच नव्हतं हे मला माहीत होतं, सगळं आम्हीच टोपल्यांत भरून नेलं होतं. त्यानंतर तू आणि आत्याबाई एकमेकींशी कामापुरतं बोलू लागलात. एका चुलीवर दोघी, आणि मध्ये नुसता भांड्यांचा आवाज.

वैशाखात पप्पू झाला. मला दोनदा अर्ध्यात गेलेलं, म्हणून सगळं घर जीव मुठीत धरून होतं. सुईण येईपर्यंत तूच माझ्याजवळ होतीस. पोर बाहेर आलं आणि रडेना, तेव्हा तू त्याला उलटं धरून पाठ चोळलीस. पहिली अंघोळ तू घातलीस. बारा दिवस तू मला डिंक, खारीक, हाळीव करून खाऊ घातलंस, माझी धुणी धुतलीस, आणि त्याला मांडीवर घेऊन त्याच्याशी तुमच्याकडचं कानडी बोललीस. मग जेठात तुझा भाऊ आला, आणि तू त्याच्याबरोबर निघालीस. आत्याबाईंच्या पाया पडायला तू खाली वाकलीस तर त्या उठून मागच्या परड्यात गेल्या. तू माझ्याकडं बघितलंस. मी पोराला छातीशी धरून खाली मान घातली.

पुढं तुझं ऐकू येत राहिलं. कलबुर्गीला गेलीस, कुणाच्या तरी खानावळीत भाकरी थापायला लागलीस, मग शिवशंकरप्पांशी लग्न केलंस. लग्नाचं कळलं तेव्हा गावात बायका नाकं मुरडत होत्या, पण त्या दिवशी मी देवापुढं साखर ठेवली, हे तुला कधी कळलं नसणार. पप्पूच्या वडिलांना मी म्हटलं, जाऊन येऊ का. ते म्हणाले, कोणत्या तोंडानं जायचं. त्यांना त्यांच्या परीनं वाटत होतं की घरानं तुला नीट वागवलं नाही. त्यांना पुरतं माहीत असतं तर त्यांनी माझ्याकडं कसं बघितलं असतं, कुणास ठाऊक.

ते मागल्या वर्षी श्रावणात गेले. झोपेतच. त्रास नाही, दवाखाना नाही. लोक म्हणाले पुण्यवान. दहावा, बारावा झाला, आणि मग हळूहळू मला कळायला लागलं, की कुणी काही बोलत नसताना आपण एक पाऊल मागं कसे सरकतो. कुणाच्या दारात हळद लागली की मी रस्ता बदलते. ओटी भरायची असली की मी आधीच आत जाऊन काहीतरी शोधत बसते. मला कुणी हाकललं नाही. मीच मला हाकलत होते. आणि दर वेळी मला तुझं ते दारात उभं राहणं दिसायचं, कारण तुला तर हाकललं होतं, आणि तू बावीस-तेवीस वर्षांची होतीस. मी तरी चोपन्नची आहे.

यंदाची येळवस वर्ष उलटल्यानंतरची पहिली. पूर्णिमा शहरातली, बिदरला कॉलेज केलेली पोर, पण सणाची हौस भारी. महिनाभर आधी तिनं पप्पूकडून कुंभाराचं बिंदगं आणवलं, कारण स्टीलच्या डब्यात आंबील तिला पसंत नाही. मी तिला सगळं शिकवलं. भज्जी करताना माझा हात आपोआप निम्म्या दाण्यांवर थांबला, आणि तिनं विचारलं, "कामून मागं ठेवायलाव?" मी तिला तुझ्याच शब्दांत सांगितलं. सकाळी सगळं भरून झालं. शेतात पूर्णिमेची ओटी भरायची होती. भरल्या शेताला त्या दिवशी डोहाळे लागलेले असतात म्हणतात, घरात पोटुशी सून असली तर तिचीही ओटी तिथंच. मी पप्पूला म्हटलं, "माझे गुडघे दुखायलेत, तुमी जावा. मी म्हशीजवळ राहते." बोलून गेले आणि माझेच शब्द माझ्या कानात राहिले. पूर्णिमा ट्रॅक्टरवर चढलेली होती. तिथून एवढं पोट सांभाळत खाली उतरली आणि ओसरीवर मांडी घालून बसली. "तुमी न्हाई तर मीबी न्हाई. पप्पूला एकट्याला धाडा, भरू दे त्याची त्याला ओटी." पप्पू हसायला लागला. मी तिला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, बाई, तुझा सातवा महिना, माझ्यासारखीनं पुढं होऊ नये, लोक बोलतील. तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं मी काहीतरी परक्या भाषेत बोलत होते. "आई," ती म्हणाली, "पोटात लाथा मारायलंय ते तुमचंच नातवंड हाय. ते तुमाला भ्यायलंय व्हय?" आणि बिंदगं उचलून माझ्या डोक्यावर ठेवलं.

रेणुका, मी ट्रॅक्टरवर बसले नाही. ते डोक्यावर घेऊन शेतापर्यंत चालत गेले. आंबील हिंदकळून कपाळावर येत होती आणि मी रडत होते ते त्यात कुणाला कळलं नाही.

शेतात तिची ओटी तिनं माझ्याकडूनच भरून घेतली. दोघी-तिघींनी एकमेकींकडं बघितलं, पण पूर्णिमा पदर पसरून अशी ठाम उभी होती की कुणाची छाती झाली नाही. निम्मे गहू माझ्या हातून खाली सांडले. मग जेवणं बसली. शेजारच्या शेतातले शेतकरी आले, गावची भावकी आली. एक म्हातारबा दोन वेळा भज्जी मागून घेऊन म्हणाले, "सरुबाई, तुझ्या हाताची ही चव सव्वीस वर्षं झाली बदलली न्हाई." सव्वीस वर्षं त्यांनी बरोबर धरली होती. तू घरी राहिलीस त्या येळवशीलाही ते आले होते, तेव्हाही असंच म्हणाले होते, आणि तेव्हा मी पदर सावरून हसले होते. तुझ्या भज्जीचं कौतुक मी घेतलं होतं, तुला घरात कोंडून. या वेळी माझ्याच्यानं ते घेववेना. मी म्हटलं, "माझ्या हाताची न्हाई. ही रेणुकाची भज्जी हाय. तवाबी तिचीच होती." सगळे घास हातात धरून थांबले. जुन्या माणसांनी खाली बघितलं. आणि पूर्णिमेनं विचारलं, "रेणुका कोण?"

तीन वर्षं झाली तिला या घरात येऊन, आणि तिनं तुझं नाव ऐकलं नव्हतं. मी पप्पूकडं बघितलं. त्यालाही एवढंच ठाऊक होतं की काका वारले आणि काकू माहेरी गेली. तुझ्या हातून त्याला पहिला श्वास मिळाला, हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्या दुपारी कोपीच्या सावलीत बसून मी दोघांना सांगितलं. सगळं नाही. पण तू कशी होतीस, कशी हसायचीस, त्याला कसं उलटं धरून पाठ चोळलीस, ते सांगितलं. पूर्णिमा ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "मग त्या येत कामून न्हाईत?" मी म्हटलं, ऊन उतरायलंय, आवरा. पण पोरगी सोडणारी नव्हे. घरी आल्यावर, दुसऱ्या दिवशी, भोगीला बाजरीच्या भाकरीवर तीळ थापताना, ती तेच विचारत राहिली.

संक्रांतीला बसवंतप्पा तिळगूळ घ्यायला आला. येळवशीला त्याला ड्यूटी होती, शेतावर जाता आलं नाही म्हणून हळहळत होता. मग म्हणाला, "पण अक्का, भज्जी चुकली न्हाई बघा." आणि त्यानं सांगितलं, की कलबुर्गीला स्टँडच्या मागच्या गल्लीत रेणुकाक्काची खानावळ आहे, आणि येळवशीच्या दिवशी तिथं ताट विकत मिळत नाही. ज्याला त्या दिवशी जायला शेत नाही, त्यानं यावं आणि जेवावं. ड्रायव्हर, कंडक्टर, हॉस्टेलची पोरं, हमाल, परगावचे मास्तर. तू स्वतः वाढतेस म्हणे, आणि कुणाला एकट्याला बसू देत नाहीस, दोन अनोळखी माणसांच्या मध्ये आणून बसवतेस. बसवंतप्पाला तू ओळखलंस, पण राजेश्वरचं कुणाचं काही विचारलं नाहीस. निघताना एवढंच म्हणालीस, "चिंचेखालचं शेत कसं हाय?" तो गेल्यावर पूर्णिमेनं माझ्या हातात पत्त्याचा कागद दिला. तिनंच त्याच्याकडून लिहून घेतला होता.

आता जे लिहायचं त्यासाठी हे सगळं लिहिलं. रेणुका, त्या सकाळी आत्याबाईंनी तुला घरी राहायला सांगितलं नव्हतं. त्यांना ठाऊकही नव्हतं. मी सांगितलं. माझी शेतात ओटी भरायची होती, दोनदा पोट रिकामं झालेलं, आणि एका बाईनं माझ्या डोक्यात भरवलं की ओटीच्या वेळी तिथं विधवा नको. तिचं नाव लिहीत नाही, ऐकलं ते मीच. तुला म्हटलं आत्याबाईंनी सांगितलंय, कारण माझं म्हणून सांगितलं असतं तर तू माझ्या डोळ्यांत बघितलं असतंस. शेतात आत्याबाईंनी पानं मांडली तेव्हा त्यांनी तुझं पान आपल्या शेजारी मांडलं, वाढलं, आणि विचारलं, "रेणुका मागनं यायली न्हवं?" मी त्यांना म्हटलं, "ती न्हाई म्हणाली. तिला न्हाई यायचं आपल्यात." त्या बराच वेळ त्या पानाकडं बघत होत्या, मग उठून ते बैलांपुढं ठेवलं. तुला वाटलं त्यांनी तुला टाकलं, त्यांना वाटलं तू त्यांना टाकलंस, आणि दोघींच्या मधोमध मी पोट सांभाळत बसले होते. त्या परड्यात गेल्या त्या दिवशी, पाया पडून घेतलं नाही, ते रागानं नव्हतं, त्यांना रडू आवरत नव्हतं. मी मागं जाऊन पाहिलं होतं. आणि याहून मोठं एक आहे. चौदा वर्षांमागं माघात त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा तीनदा मला म्हणाल्या, रेणुकाला निरोप धाड. तिन्ही वेळा मी म्हटलं, धाडलाय. धाडला नव्हता. तू आली असतीस आणि तुम्ही दोघी एकदा बोलला असता तर माझं उघडं पडलं असतं. तू आली नाहीस म्हणून गाव तुला बोललं, तेही मी ऐकून घेतलं. शेवटच्या दिवशी त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "ती आली आन् मी नसले तर तिला एवढं इचार, माझं काय चुकलं?" हा निरोप तुझा होता, आणि मी तो चौदा वर्षं दाबून ठेवला. त्यांचं काही चुकलं नव्हतं गं. तुझंही नाही. येत्या रविवारी रथसप्तमी आहे. सकाळच्या गाडीनं मी एकटी कलबुर्गीला येते. मला आत घे असं म्हणत नाही, जेवू घाल असं तर नाहीच. तू दारात येऊन मला काय बोलायचं ते बोल, मी ऐकून परतीच्या गाडीनं जाईन.

तू म्हणू दिलंस तर अजून तुझीच,
सरुअक्का